ट्रेडमिल घरात, मामा रंकाळ्यावर

या वेळचं पत्र:

"नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर गेलं. शुगर आणि बीपी दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांमागं सासूबाई गेल्या. तेव्हापासून मामा सकाळी साडेसहाला रंकाळा तलावावर जातात ते नऊशिवाय परत येत नाहीत. चालणं कमी, कट्ट्यावर बसणंच जास्त. गेल्या पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरून पडले, हाताला मुका मार लागला. मग ह्यांनी ट्रेडमिल आणली. मामा एकदाच तिच्यावर चढले. 'चालायचं तर कुठंतरी पोचायला पायजे की,' म्हणाले आणि उतरले. ह्यांचं म्हणणं, चालणं ते चालणं, घरात काय नि बाहेर काय, तिथं नुसत्या गप्पा होतात. मामांना घरातच थांबवावं का?

मुलगी चौथीत आहे, तिला नुकताच चष्मा लागलाय. मामा म्हणतात, तिला पहाटे दवाच्या हिरवळीवर अनवाणी चालवा, नंबर जातो. हे खरं असतं का?

मी घरूनच तीन दुकानांचे हिशेब टॅलीवर करते. मला स्वतःला रंकाळा बघून महिना-महिना होतो. पहाटे साडेचारला जाग येते, मग डोक्यात तेच तेच चालू राहतं. पण ते असू दे, माझं काय विशेष नाही. मामांचं सांगा."

– एक सूनबाई, वय ४३

सूनबाई,

आधी निकाल सांगते, कारणं मागून. मामांना घरात थांबवू नका. ट्रेडमिल विकूही नका, पावसाळ्यात तिला काम आहे. मुलीला दवात अनवाणी चालवू नका, पण रोज उजेडात खेळायला बाहेर काढा. आणि 'माझं काय विशेष नाही' असं म्हणून तुम्ही जे एका ओळीत उरकलंय, त्यावर मी बरंच लिहिणार आहे. आवडलं नाही तरी वाचा.

पहिल्यांदा तुमच्या यजमानांची बाजू, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पायाखाली पट्टा आहे की रंकाळ्याचा काठ, हे त्या स्नायूंना कळत नाही. मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल-न लागेल अशा वेगानं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मिनिटं ट्रेडमिलवर भरली तरी ती भरलीच. शुगर-बीपीपुरतं बोलायचं तर यजमानांचा हिशेब बरोबर आहे. पण माणूस म्हणजे नुसती शुगर आणि बीपी नव्हे.

२००८ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. त्याच माणसांना एकदा झाडांच्या बागेतून चालवलं आणि एकदा शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावरून. आधी आणि नंतर त्यांना आकडे उलट्या क्रमानं म्हणायला लावले. हे सोपं वाटतं, पण त्यासाठी डोकं जाग्यावर लागतं. बागेतून आल्यावर लोकांचे आकडे सुधारले, रस्त्यावरून आल्यावर तसे सुधारले नाहीत. पाय दोन्हीकडं सारखेच चालले होते. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, हाडं गोठवणाऱ्या जानेवारीत ज्यांना चालवलं त्यांना त्या चालण्यात काही मजा आली नव्हती, तरी फायदा तेवढाच झाला. म्हणजे हा नुसत्या 'छान वाटण्या'चा मामला नाही.

त्याच विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं त्याचं कारण मांडून ठेवलं होतं. आपलं लक्ष दोन तऱ्हांनी लागतं. एक आपण जोर लावून लावतो: टॅलीतल्या एंट्र्या, रंकाळा टॉवरच्या गर्दीत रस्ता ओलांडणं, मोबाइल. ते लक्ष वापरलं की थकतं आणि मग माणूस चिडचिडा होतो, चुका करतो. दुसरं लक्ष आपोआप लागतं. पाणकावळा बुडी मारतो आणि आता कुठं वर येणार म्हणून आपण बघत राहतो. वाऱ्यानं पाण्यावर रेघा उठतात, पिंपळाची पानं सळसळतात. यातलं काहीच आपल्याकडं काही मागत नाही. दुसरं लक्ष चालू असतं तेवढ्या वेळात पहिल्याला विसावा मिळतो. तुमची ट्रेडमिल कुठं ठेवलीय ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत ती भिंतीकडं तोंड करून असते.

आता 'बसणंच जास्त' ही तक्रार. २०१९ साली मिशिगनमध्येच आणखी एक अभ्यास झाला. शहरी माणसांना सांगितलं, आठवड्यातून तीनदा, निदान दहा मिनिटं, निसर्ग जाणवेल अशा जागी जा. बसा किंवा चाला, तुमची मर्जी. दमवणारा व्यायाम मात्र नको. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजत गेले. वीस ते तीस मिनिटांत ते सगळ्यात झपाट्यानं उतरलं. माणसं छत्तीसच होती, त्यामुळं यावर फार मोठं घर बांधू नये, पण नुसतं बसणंही फुकट जात नाही एवढं त्यातून कळतं.

एक कबूल करायला हवं. त्या अभ्यासात मोबाइल, वाचन आणि गप्पा यांना बंदी होती. हे वाचून यजमान टाळी देतील. थांबा जरा. मामांच्या गप्पांचं खातं वेगळं आहे. माणसांचा गोतावळा आणि आयुष्य यांचा संबंध तपासणारे १४८ अभ्यास २०१० साली एकत्र मांडले गेले, त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता दीडपट निघाली. सासूबाई गेल्या, कारखाना सुटला, मुलगा कामावर, सून कॉम्प्युटरसमोर, नात शाळेत. मग मामांशी दिवसभरात बोलतं कोण? कट्टा बोलतो. ऊस कुणाच्या किती टनाला गेला, खासबागेत पूर्वी कुस्ती कशी व्हायची, महापालिकेनं परत तोच रस्ता कसा उकरला, यावर अडीच तास निघतात, आणि निघू द्यात. एखाद्या दिवशी मामा गेले नाहीत तर 'आज का आला नाही' म्हणून फोन करणारी तीच चार माणसं असतात. ट्रेडमिल असं विचारत नाही.

फक्त मामांना एवढं सांगून बघा: रोज जाताना पहिली पंचवीस मिनिटं जरा झपझप, न बोलता, मग कट्टा. असं केलं की यजमानांची १५० मिनिटंही भरतील आणि गप्पाही राहतील. 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून सांगा. सुनेनं सांगितलेलं सासऱ्यांना पटायला वेळ लागतो, हे मला तुम्हाला सांगायला नको.

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत (हीसुद्धा २०१९ची) असं दिसलं, की आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ बागा, रानं, समुद्रकिनारे अशा जागी घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. दोन तासांच्या खाली फारसा फरक दिसला नाही. यावरून बागेमुळंच तब्येत सुधारते असं सिद्ध होत नाही, कारण ज्याची तब्येत चांगली तोच जास्त फिरतो. तरी ज्यांना जुनी दुखणी होती त्यांच्यातही हाच कल दिसला. मामा या १२० मिनिटांचा कोटा एका दिवसात संपवतात, तेव्हा त्यांची काळजी सोडा.

काळजी करायची ती पडण्याची. ती यजमानांची खरी भीती आहे आणि रास्त आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. पण पडू नये म्हणून घरात बसवलं की पायातली ताकद आणि तोल दोन्ही जातात आणि मग माणूस घरातल्या न्हाणीत पडतो. म्हणून माणूस नव्हे, वाट बदला.

मामा पायात काय घालतात? लेथवर आयुष्य गेलेला शिवाजी पेठेतला माणूस म्हणजे बहुतेक कातडी पायताण. आपल्या कोल्हापुरीसारखं पायताण नाही, पण ओल्या फरशीवर आणि शेवाळलेल्या दगडावर त्याचा तळ धरत नाही. जून ते सप्टेंबर रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घ्या, एक माप मोठे नकोत. पाण्याकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर पावसाळ्यात अजिबात जायचं नाही, वरच्या सपाट वाटेवरूनच चालायचं. फुलेवाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी गाड्या सुसाट असतात, तेव्हा रस्ता एकाच ठरलेल्या जागी ओलांडायचा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना बराच वेळ बसून झटक्यात उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. कट्ट्यावरून उठताना आधी पाय हलवायचे, मग सावकाश उभं राहायचं, क्षणभर थांबायचं, मग चालायचं.

शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल, तर साडेसहाला उपाशीपोटी निघून नऊपर्यंत बाहेर राहणं धोक्याचं. साखर एकदम खाली येऊ शकते: घाम, हातापायांना कापरं, बोलणं अडखळणं. निघताना थोडं काही खाऊन निघायचं आणि खिशात तीन-चार चमचे साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवायची. पेढा चालणार नाही, त्यातल्या खव्याच्या स्निग्धपणामुळं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. कट्ट्यावरच्या दोघातिघांना ही पुडी कशासाठी आहे ते माहीत असू द्या. आणि खिशात एक चिठ्ठी: नाव, घरचा फोन, कोणत्या गोळ्या चालू.

थंडीत थोडं उशिरा निघालेलं बरं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंड हवा जमिनीलगत अडकून बसते आणि तिच्यात गाड्यांचा धूर, पालापाचोळा जाळल्याचा धूर, शेतात पाचट पेटवल्याचा धूर, सगळं साठून राहतं. पहाटेची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण शहरात हिवाळ्यात ते खरं असेलच असं नाही. दिवस वर आल्यावर निघावं. डासांचंही तसंच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, उजाडल्यानंतर आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. बसणाऱ्या माणसाला तो आरामात चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा. रंकाळ्याच्या पाण्याला वास मारायला लागला, काठाला केंदाळ साचलं, की त्या बाजूला बसू नये. चार पावलं पुढं पद्माराजे उद्यान आहे, तिकडं कट्टा हलवायला हरकत नसावी. कट्टा हलवणं सोपं नसतं हे मला माहीत आहे.

कोवळ्या उन्हात 'डी' जीवनसत्त्व मिळतं म्हणून मामा सकाळी जात असतील तर तेवढा गैरसमज काढा. सात वाजताच्या तिरप्या उन्हात ते तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन त्या कामाचं. सकाळच्या उन्हाचे फायदे वेगळे आहेत आणि ते कमी नाहीत.

मामा नऊला परत येतात म्हणता. माझा एक आगाऊ प्रश्न: रंकाळ्यावरून घरी येताना वाटेत मिसळ होते का? कोल्हापुरात सकाळच्या फिरण्याचा शेवट कट वाढवून घेण्यात होतो, हे उघड गुपित आहे. फरसाण, तर्री आणि वर चार स्लाइस ब्रेड यांच्यापुढं वीस मिनिटांचं चालणं टिकत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी खाऊ द्या. रोज असेल तर ट्रेडमिलही काही करू शकणार नाही.

ट्रेडमिलचं म्हणाल तर जुलैत पावसाची संततधार लागते आणि पंचगंगा पात्राबाहेर येते, तेव्हा ती वापरा. पट्टा संथ ठेवायचा, हाताशी दांडा, सेफ्टीची दोरी सदऱ्याला अडकवलेली आणि घरात कुणीतरी असताना. पूर ओसरल्यावर चिखलातून आणि साचलेल्या पाण्यातून चालायला पाठवू नका. लेप्टो या तापाचे जंतू अशा पाण्यातून पायाच्या भेगांतून शिरतात आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायाला बऱ्याचदा भेगा असतात. ट्रेडमिल खिडकीकडं वळवता आली तर वळवा.

आता मुलीच्या डोळ्यांचं. दवाच्या हिरवळीवर अनवाणी चाललं की नंबर जातो, हे आपल्याकडं आजोबा सांगतात, आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं असतं. मुलांमध्ये दूरचं अंधूक दिसतं ते बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा पुढून मागं लांबल्यामुळं. तळपायाला दव लागून तो आखूड होत नाही. चष्मा ठेवा, रोज लावा, मामांच्या शब्दाखातर काढून ठेवू नका. आणि हे मामांना स्वतःला तर बिलकूल करू देऊ नका. शुगरमुळं तळपायाची जाणीव हळूहळू बोथट होते. काच, बाभळीचा काटा, कुणी टाकलेली ब्लेड शिरली तरी कळत नाही आणि त्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. मामांच्या पायांना बागेत बूट हवेतच आणि घरी आल्यावर रोज तळवे बघायला हवेत.

पण आजोबांच्या या सल्ल्यात चुकून एक खरी गोष्ट लपलीय: मूल घराबाहेर पडतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला आणि तो २०१५ साली छापून आला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांत त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना दूरचं अंधूक दिसायला लागलं, उरलेल्या शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. दिवसाच्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते डोळ्याची नको तितकी वाढ आवरतं, असं मानतात. यात उजेड महत्त्वाचा, कोवळं ऊन की कडक ऊन हा प्रश्न नाही. घरात ट्यूबलाइटखाली जेवढा उजेड असतो त्याच्या कितीतरी पट उजेड वडाच्या सावलीतही असतो. तुमच्या मुलीला चष्मा लागून गेलाय, तो यानं उतरणार नाही. लागायच्या आधी याचा उपयोग चांगला होतो, लागल्यावर कमी. तरी रोज दीड-दोन तास बाहेर काढायला मी सांगेन, कारण तेवढा वेळ पुस्तक आणि मोबाइल डोळ्यापासून वीतभर अंतरावर राहत नाहीत. शाळेतली मधली सुट्टी आणि शाळेला चालत जाणं त्यात धरा. दर सहा महिन्यांनी डोळे तपासून घ्या.

आणि आता तुम्ही.

पत्र मी परत परत वाचलं. घरातल्या प्रत्येकाची वेळ त्यात आहे: मामांचे साडेसहा ते नऊ, मुलीची पहाट. तुमची एकच वेळ आहे, साडेचार, आणि ती जाग येण्याची. ज्या घरात सासरे अडीच तास रंकाळ्यावर असतात त्याच घरातल्या सुनेला तो महिना-महिना दिसत नाही. यात मामांचा दोष नाही. आपल्या गावाची रीतच अशी आहे की पुरुष बसला तर तो कट्टा आणि बाई बसली तर ती रिकामटेकडी. बागेत बायका दिसतात, नाही असं नाही. साडीवर बूट घालून झपाझप फेऱ्या मारणाऱ्या दिसतात, पोराच्या मागं धावणाऱ्या दिसतात. हातात काही नाही, तोंडानं काही चाललेलं नाही, नुसती बसलीय अशी बाई शोधून बघा.

तुमच्या डोक्यात 'तेच तेच' चालतं म्हणता, त्यावरही अभ्यास आहे. २०१५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही जणांना दीड तास झाडा-गवतातून चालवलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. गवतातून आलेल्यांचं स्वतःबद्दलचं उगाळणं कमी झालं होतं आणि उगाळताना मेंदूचा जो भाग जागा असतो त्याची हालचालही मंदावली होती. रस्त्याकडेच्या लोकांत यातलं काही झालं नाही. हा एका फेरीचा परिणाम होता. रोज असं होईल असं वचन मी देत नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही सकाळी जायचं नाही, संध्याकाळी जायचं. झोपेसाठी सकाळचं ऊन घ्या असं सगळे सांगतात आणि ज्यांना रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही त्यांना ते लागू आहे. तुमचं उलटं आहे. तुम्हाला जाग फार लवकर येते. पहाटेचा उजेड शरीराचं घड्याळ आणखी लवकरच्या वेळेकडं ओढतो, संध्याकाळचा उजेड ते उशिराच्या वेळेकडं सारतो. म्हणून पाच ते साडेसहा. मुलगी शाळेतून आली, दूध प्यायली, की दोघी निघा. तिचे उजेडाचे तास आणि तुमची झोप, दोन्ही एका फेरीत. पद्माराजे उद्यान घ्या, हुतात्मा पार्क घ्या, रिक्षानं जायची तयारी असेल तर महावीर उद्यान. ती खेळेल, तुम्ही बसा. मोबाइल पिशवीत, पिशवी मांडीवर नको, बाजूला. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल, हात कुठं ठेवावेत कळणार नाही. तेव्हा झाडं बघा, त्यावर कोण बसलंय ते बघा. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं २०२२ साली मोबाइल ॲपवरून केलेल्या पाहणीत, पक्षी दिसले किंवा ऐकू आले की लोकांची मनःस्थिती सुधारलेली आढळली आणि तो असर काही तास टिकला. नैराश्य असलेल्यांतही तसंच. टिबुकली, खंड्या, बगळा, वारकरी: रंकाळ्यावर एवढे तर मुलगीच ओळखायला शिकेल.

आठवड्यातून एक संध्याकाळ मात्र मुलीला मामांकडं द्या आणि एकट्या जा. मुलगी बरोबर असली की आईचं निम्मं लक्ष घसरगुंडीकडं असतं, ते वर सांगितलेलं जोर लावून लावायचं लक्षच. वर्दळीच्या जागी बसा, अंधार पडायच्या आत निघा. 'कुठं निघालीस' असं कुणी विचारलं तर 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे उत्तर तुमच्यासाठीही चालतं. थाप नको असेल तर खरंच डॉक्टरांकडं जा, तेही मी सांगणारच होते. पहाटे लवकर जाग येणं आणि मन एकाच गोष्टीत अडकणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, आवडत्या गोष्टीत मन लागत नसेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. थायरॉइड असू शकतं, पाळी जायच्या आधीचे बदल असू शकतात. बाग यांतल्या कशालाही औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मार्चएंडला हिशेबाच्या दिवसांत जाणं जमणार नाही, मला कल्पना आहे. त्या दिवसांसाठी टेबल वळवा. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी काढून दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांनी कडक वेदनाशामकं कमी घेतली. ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांचं तसं झालं नाही. तुमच्या टॅलीसमोर काय आहे? कपाट असेल तर मान वर केली की बाहेरचं काहीतरी हिरवं दिसेल असं बसा. शेजारच्यांचा नारळ चालेल. तोही नसेल तर गॅलरीत चार कुंड्या.

दाजीपूर, पन्हाळा, आंबा घाट हेही करा, वर्षातून दोन-चारदा. दाजीपूरचं, शाहू महाराजांच्या शिकारीचं रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि ते आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आहे, हे नशीबच. पण रविवारी पन्हाळ्याला जायचं म्हणजे निम्मा दिवस गाडीत आणि पार्किंग शोधण्यात, उरलेला भज्यांच्या गाडीसमोर. त्याची वाट बघत संध्याकाळ घालवू नका.

यजमानांना हे पत्र वाचून दाखवलंत तर ते पुरावा मागतील. त्यांना सांगा, मामांची एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी आज करून घ्या आणि तीन महिन्यांनी परत करा, तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते. तेवढे दिवस मामा रंकाळ्यावर झपझप चालून मग कट्ट्यावर बसतील. आकडा उतरला तर वाद मिटला. नाही उतरला तर मला कळवा, आपण मिसळीवर बोलू.